डिफेंडर: सोलिहल ते नित्रा

[दृश्य: वेल्सचा किनारा, ओहोटी. त्यानंतर कृष्णधवल छायाचित्रं.]

वेल्सच्या अँगलसी बेटावरचा हा रेड व्हार्फ बे. १९४७ साली रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंते मॉरिस विल्क्स यांनी इथल्या वाळूत एका गाडीचा आकार रेखाटला आणि कंपनीचा कारभार पाहणाऱ्या आपल्या भावाला, स्पेन्सरना, दाखवला असं सांगतात. मॉरिस यांच्याकडे शेतीच्या कामाला युद्धातून उरलेली अमेरिकन जीप होती. ती मोडीत निघाली की पुढे काय, हा त्यांच्यापुढचा साधा प्रश्न होता. त्याचं उत्तर ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात उभं राहिलं. लँड रोव्हर. याच गाडीला पुढे ‘डिफेंडर’ नाव मिळालं. नवी डिफेंडर स्लोव्हाकियातल्या नित्रात बनते, आणि तिथे बनते म्हणजे दर्जा गेला, असं म्हणतात. ते तपासायचं तर आधी जुनी गाडी बघायला हवी.

[दृश्य: सोलिहल कारखाना, जुनं चित्रण. पत्रे वाकवणारे हात. चॅसिसचं वेल्डिंग.]

हे हात नीट बघा. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये पोलाद रेशनवर होतं. विमानांसाठी लागणारा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू मात्र मिळत होता, म्हणून बॉडी त्याची. पत्रे दाबून घडवणारे मोठे प्रेस नव्हते, त्यांचे साचे बनवायला पैसा नव्हता, म्हणून पत्रे सपाट ठेवले; साध्या हत्यारांनी वाकवता येतील इतपतच. चॅसिससाठी, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यासाठी, पोलादाच्या पट्ट्या कापायच्या, चार बाजूंनी वेल्ड करून चौकोनी पोकळ तुळई करायची आणि अशा दोन तुळया आडव्या दांड्यांनी जोडायच्या. झाली शिडीसारखी लॅडर फ्रेम. रंग हिरवा, कारण लष्कराचा शिल्लक रंग हिरवा होता.

ही गाडी टंचाईतून जन्मली आणि त्या टंचाईनेच तिला गुण दिला. चिखलगार्ड बोल्टने बसवलेले. दरवाजे बिजागरीवरून उचलून काढता येणारे. शेतकऱ्याला पाना धरता आला की निम्मी गाडी त्याच्या हाती.

[दृश्य: मालिका १, २, ३ च्या गाड्या एकामागून एक. जवळून: छताचं कापड अडकवायची खुंटी.]

१९५८ मध्ये दुसरी मालिका आली, १९७१ मध्ये तिसरी. १९८३ मध्ये पाट्यांच्या स्प्रिंगच्या जागी वेटोळ्याचे कॉइल स्प्रिंग आले. ‘डिफेंडर’ हे नाव तर १९९० मधलं. पडद्यावर दिसतेय ती छताच्या कापडाची खुंटी मात्र १९४८ पासून शेवटच्या गाडीपर्यंत तशीच राहिली.

[दृश्य: गॅरेज. उघडी पडलेली चॅसिस, गंज. दरवाजाची फट.]

आता ही बाजूही बघू. दोन पत्र्यांमधली ही फट वर एक मापाची, खाली दुसऱ्या. पावसात इथून पाणी आत येतं. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकतात, मध्ये ओल आणि मीठ शिरतं, आणि ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडू लागतं. चॅसिस आतून गंजते; बाहेरून कळेपर्यंत मागची आडवी तुळई पोखरलेली असते. मालकांमध्ये विनोदच आहे: लँड रोव्हरमधून तेल गळायचं थांबलं, तर समजावं तेल संपलं.

हे सगळं अस्सल इंग्लंडमध्ये, सोलिहलमध्ये बनलेलं. ध्यानात असू द्या.

[दृश्य: तेच गॅरेज. बॉडी उचलली जाते. खाली नवी, जस्ताचा थर दिलेली चॅसिस.]

पण याच गॅरेजमध्ये पुढे काय चाललंय तेही बघा. बॉडी उचलली. कुजलेली चॅसिस बाजूला ओढली. जस्त चढवलेली नवी चॅसिस आत सरकवली. तोच अॅक्सल, तेच इंजिन, त्याच बॉडीखाली पुन्हा बोल्टने आवळलं. गाडी पुढच्या पिढीसाठी तयार. वाईट जोडणीची गाडी इतकी टिकली ती अशी.

[दृश्य: स्पेनमधल्या जुन्या सांताना गाड्या.]

आणि ही गाडी परदेशात बनायची पहिली वेळही नित्राची नव्हे. १९५० च्या दशकातच बेल्जियममध्ये मिनर्व्हा कंपनी परवान्यावर ती बनवत होती, तीही पोलादी बॉडीची. स्पेनमधल्या लिनारेस गावी सांताना कंपनीने १९५८ पासून ती बनवली आणि पुढे स्वतःच्या सुधारणाही केल्या. ‘परदेशी जोडणी’ हा शब्द तेव्हा शिवीसारखा वापरला जात नव्हता.

[दृश्य: सोलिहल, २९ जानेवारी २०१६. शेवटची डिफेंडर लाइनवरून उतरते.]

२९ जानेवारी २०१६. प्रदूषणाचे आणि पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे नियम या जुन्या आराखड्यात बसवणं आता शक्य नव्हतं. त्यात एअरबॅग कधी बसलीच नाही. आजी-माजी मिळून ७०० हून अधिक कामगारांना बोलावलं होतं.

[निवेदन थांबते. कामगारांचे चेहरे. २० सेकंद.]

[दृश्य: नित्रा, स्लोव्हाकिया. टेकडीवरचा किल्ला, मग कारखाना, रोबो.]

स्लोव्हाकियातलं नित्रा. जॅग्वार लँड रोव्हरची मालकी २००८ मध्ये टाटा मोटर्सकडे गेली, आणि त्यांच्या काळात २५ ऑक्टोबर २०१८ रोजी हा कारखाना उघडला. गुंतवणूक १.४ अब्ज युरो, वर्षाला दीड लाख गाड्यांची क्षमता. आधी लँड रोव्हरचीच डिस्कव्हरी इथे आली, मागून नवी डिफेंडर. हे बॉडी वाहून नेणारे गाडे साखळीवर चालत नाहीत, चुंबकीय बलावर सरकतात. ॲल्युमिनियमचे पत्रे इथे वेल्ड होत नाहीत. रिव्हेट आणि चिकटद्रव्य यांनी जोडले जातात. रोबोच्या हाताला थकवा नाही, त्यामुळे दरवाजाची फट पहिल्या गाडीत जेवढी, हजाराव्या गाडीतही तेवढीच.

स्लोव्हाक सरकारने या कारखान्याला सुमारे १२.५ कोटी युरोची मदत दिली. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीने ४,५०० नोकऱ्या कमी करणार असं जाहीर केलं, त्यातल्या बहुतेक ब्रिटनमधल्या. डिझेलची घसरण, चीनमधली मंदी आणि ब्रेक्झिट हीही त्याची कारणं होती.

[दृश्य: चाचणी मार्ग. नवी डिफेंडर पाण्यातून, खडकांवरून.]

‘स्लोव्हाकियात बनते म्हणजे दर्जा गेला,’ हे वाक्य नव्या डिफेंडरला जन्मापासून चिकटलं. ते तपासून बघू. अमेरिकेतल्या जे. डी. पॉवर संस्थेच्या २०२० च्या पाहणीत, ३ वर्षं वापरलेल्या गाड्यांच्या टिकाऊपणात, लँड रोव्हर सर्वांत शेवटी होती. ३ वर्षं मागे मोजा. त्या गाड्या २०१७ च्या. नित्राचा कारखाना तेव्हा उघडलाही नव्हता. पोर्शची केयेन स्लोव्हाकियातच, ब्रातिस्लाव्हात जोडली जाते. मर्सिडीजची जी-क्लास १९७९ पासून ऑस्ट्रियातल्या ग्रात्समध्ये बनते. त्यांच्या मालकांनी त्यावरून गळा काढल्याचं ऐकिवात नाही.

जुनी डिफेंडर अर्धा मीटर पाण्यातून जाई; नवी ९०० मिलिमीटरमधून जाते. लॅडर फ्रेमच्या गाडीपेक्षा नवी बॉडी तिप्पट मजबूत, म्हणजे पिळाला तितकी कमी वाकणारी, असा कंपनीचा दावा आहे. खडकावर एक चाक हवेत असताना दरवाजा अलगद लागतो, तो त्यामुळे.

[दृश्य: लिफ्टवर चढवलेली नवी डिफेंडर. खालचा भाग. लॅपटॉप जोडलेला.]

शंका घ्यायचीच तर ती इथे, या लिफ्टखाली घ्यावी. चॅसिस वेगळी नाही, बॉडी आणि चॅसिस एकच. अपघातात कोपरा चेपला तर बोल्ट खोलून नवा बसवता येत नाही. रिव्हेट फोडा, चिकटवलेलं सोडवा, तेही प्रशिक्षित वर्कशॉपमध्ये. हवेच्या सस्पेन्शनने संप पुकारला तर पाना काय करणार? आधी लॅपटॉप लागतो. हे निर्णय नित्रातल्या कामगाराने घेतलेले नाहीत. ते इंग्लंडमध्ये, गेडनच्या डिझाइन केंद्रात झाले. बहुतेक इंजिनंही इंग्लंडच्या वुल्व्हरहॅम्प्टनमधून येतात, गिअरबॉक्स झेडएफ या जर्मन कंपनीचा. आणि दोष कोणाच्या माथी? शेवटचा स्क्रू आवळणाऱ्याच्या.

[दृश्य: आइनिऑस ग्रेनेडियर, फ्रान्समधलं, अल्सासच्या शेजारचं हाम्बाख.]

जुन्या डिफेंडरची हळहळ वाटणाऱ्यांत एक अब्जाधीशही होते: आइनिऑस या रसायन कंपनीचे प्रमुख सर जिम रॅटक्लिफ, ब्रेक्झिटचे खंदे समर्थक. लॅडर फ्रेम, अखंड अॅक्सल, धुऊन काढता येईल असा आतला भाग, अशी ‘ग्रेनेडियर’ नावाची गाडी वेल्समधल्या ब्रिजेंडला बनवायची असं २०१९ मध्ये ठरलं. पुढच्याच वर्षी फ्रान्समधला हाम्बाखचा, ‘स्मार्ट’ नावाच्या छोट्या गाड्या बनवणारा तयार कारखाना विकायला निघाला आणि ग्रेनेडियर तिकडे गेली. इंजिन बीएमडब्ल्यूचं, अॅक्सल इटलीच्या कारारोचे, अभियांत्रिकीला ऑस्ट्रियाची मॅग्ना. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्पादन सुरू झालं. २०२४ मध्ये सीट पुरवणारी कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि कित्येक महिने लाइन बंद राहिली. कारखाना शाबूत, कामगार हजर. बसायला सीट नाही.

[दृश्य: बंदर. गाड्यांनी भरणारं जहाज.]

गाडी कुठे बनली याचा काटेकोर हिशेब मात्र सीमाशुल्कवाले ठेवतात. २०२५ च्या करारांनुसार ब्रिटनमध्ये बनलेल्या वर्षाला पहिल्या १ लाख गाड्यांवर अमेरिका १० टक्के आयातशुल्क घेते, युरोपीय संघातून आलेल्या गाडीवर १५ टक्के. सोलिहलची रेंज रोव्हर पहिल्या दरात बसते. नित्राची डिफेंडर आणि हाम्बाखची ग्रेनेडियर दुसऱ्या.

[श्रेयनामावली]