इशारा कुठे अडला?

[दृश्य: चिखलाने भरलेला रस्ता, एकमेकांवर चढलेल्या गाड्या]

२९ ऑक्टोबर २०२४. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरचा वालेन्सिया प्रांत. हवामान खात्याने सकाळीच पावसाचा लाल इशारा दिला होता. लोकांच्या मोबाइलवर धोक्याचा संदेश वाजला तो रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी. तोवर कित्येक वस्त्यांत पाणी शिरलं होतं. माणसं गाड्यांत, तळघरांत, रस्त्यांवर अडकली होती. या पुराने २२० हून अधिक जीव घेतले.

सकाळी इशारा होता, रात्री संदेश आला. मधल्या बारा तासांत काय झालं?

हा प्रश्न न्यायालय विचारतं, चौकशी समिती विचारते. तिथे जबाबदारी ठरते, आणि ती ठरलीच पाहिजे. पण तोच प्रश्न आणखी एका खोलीत विचारावा लागतो. त्या खोलीत अंदाज वर्तवणारे, आदेश देणारे, भोंगा वाजवणारे आणि ज्यांच्यासाठी तो वाजायला हवा होता ते, सगळे एकत्र बसतात. साखळी कोणत्या कडीपाशी अडली ते शोधतात आणि ती कडी बदलतात. याला घटनेनंतरचा आढावा म्हणतात. तो चालवणारा माणूस म्हणजे सुलभक, आणि तो तयार करावा लागतो.

[दृश्य: प्रशिक्षणाचा हॉल. भिंतीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांब कागद]

भिंतीवरच्या या कागदावर चार आडवे पट्टे आखले आहेत. पहिला पट्टा धोक्याच्या माहितीचा: कोणता भाग बुडतो, तिथे कोण राहतं. दुसरा निरीक्षण आणि अंदाजाचा, तिसरा संदेश पोहोचवण्याचा. चौथा लोकांच्या तयारीचा आणि प्रत्यक्ष हालचालीचा. संयुक्त राष्ट्रांनी २०२२ मध्ये 'सर्वांसाठी पूर्वसूचना' हा उपक्रम जाहीर केला. २०२७ अखेरपर्यंत जगातल्या प्रत्येक माणसाला पूर्वसूचनेचं संरक्षण मिळावं, हे त्याचं उद्दिष्ट आहे आणि तोही याच चार खांबांवर उभा आहे.

प्रशिक्षणार्थी या पट्ट्यांवर चिठ्ठ्या लावतात. प्रत्येक चिठ्ठीवर तीनच गोष्टी: किती वाजता, कोणी, काय केलं. 'इशारा वेळेत दिला' असं लिहिलेली चिठ्ठी परत येते. कोणाच्या घड्याळात? कोणाला दिला? फोनवर, कागदावर की ईमेलवर? समोरच्याने तो वाचला कधी? चिठ्ठ्या लागत जातात तसतसा कागद बोलू लागतो. दुसऱ्या पट्ट्यावर गर्दी होते आणि चौथ्यावर दोन-दोन तास काहीच नसतं. आढाव्याचं खरं काम त्या कोऱ्या जागेत आहे. कारण तिथे काय घडलं हे बहुतेक वेळा कोणत्याच कार्यालयाच्या नोंदीत नसतं, ते फक्त माणसांना माहीत असतं.

आणि माणसं सहज बोलत नाहीत.

[दृश्य: दोन खुर्च्या समोरासमोर. भूमिकांचा सराव सुरू]

सरावात एकजण रात्रपाळीचा अधिकारी झाला आहे, दुसरी सुलभक. ती विचारते, "तुम्ही तेव्हाच इशारा का नाही दिलात?" समोरचा खुर्चीत मागे सरकतो आणि म्हणतो, "वरून आदेश नव्हता." संपलं. आता त्याच्याकडून काही निघणार नाही. प्रशिक्षक सराव थांबवतात, तोच प्रश्न दुसऱ्या वाटेने विचारायला सांगतात. "साडेअकराला तुमच्या पडद्यावर नेमकं काय दिसत होतं?" या वेळी तो बोलतो. नदीच्या वरच्या अंगाचं मापन केंद्र बंद पडलं होतं. शेवटचा आकडा तासाभरापूर्वीचा होता. फोन लावला, पण ज्यांना लावायचा ते बदलून गेले होते आणि यादीत जुनाच नंबर होता.

एका प्रश्नात तीन अडथळे सापडले. तिन्ही दुरुस्त होण्यासारखे.

'का नाही केलंत' या प्रश्नामागे आपल्याला शेवट माहीत असल्याचा फायदा दडलेला असतो. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रयोगांतून दाखवलं, की निकाल कळल्यावर माणसांना तो आधीपासूनच होण्यासारखा वाटू लागतो, आणि आपली नजर अशी बदलली हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. म्हणून सुलभकाला एक सवय अंगी बाणवावी लागते: समोरच्याला त्या रात्रीच्या त्या मिनिटावर नेऊन ठेवायचं आणि त्याला तेव्हा जेवढं ठाऊक होतं तेवढ्यावरच बोलायचं.

[दृश्य: फळ्यावर चार ओळी]

आढाव्याचा मूळ साचा साधा आहे. काय व्हायला हवं होतं? प्रत्यक्षात काय झालं? फरक का पडला? पुढे काय करायचं? अमेरिकी लष्कराने १९७० च्या दशकात युद्धसरावानंतर अशा चर्चा सुरू केल्या. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने साथींच्या आढाव्यासाठी हीच पद्धत घेतली. घटना संपल्यापासून शक्यतो तीन महिन्यांच्या आत बसा, असं ती सांगते. त्याहून उशीर झाला की आठवणी एकसारख्या होऊ लागतात आणि बदल्या होतात. फार लवकर बसलं, तर ज्यांचं घर गेलं, माणूस गेलं, त्यांना पुन्हा त्याच पाण्यात ढकलल्यासारखं होतं. अशा वेळी मानसिक आधार देणारी व्यक्ती खोलीत हवी आणि 'मला यावर बोलायचं नाही' म्हणण्याचा हक्कही हवा. प्रशिक्षणात या भागाला जेवढा वेळ मिळतो त्याहून जास्त मिळायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

खोलीत कोण बसलंय, यावरही पुष्कळ ठरतं. वरिष्ठ समोर असले की कनिष्ठ मान डोलावतात, म्हणून गट वेगळे करावे लागतात. ऐकू न येणाऱ्या माणसाला भोंग्याचा काय उपयोग झाला, हे त्यालाच विचारावं लागतं. मोबाइल घरातल्या एकाकडेच असेल, तर तो बाहेर गेल्यावर घरच्यांना कोणी कळवलं? ही माणसं आपणहून बैठकीला येत नाहीत. सुलभकाने त्यांच्याकडे जायचं असतं.

[दृश्य: जपानच्या किनाऱ्याचा नकाशा]

नीट केलेला आढावा काय बदलू शकतो? ११ मार्च २०११, दुपारी २ वाजून ४६ मिनिटं. जपानच्या हवामान संस्थेने भूकंपानंतर तीनच मिनिटांत त्सुनामीचा इशारा दिला. पण भूकंपाची तीव्रता सुरुवातीला ७.९ धरली गेली होती. ती प्रत्यक्षात ९.० होती. त्यामुळे पहिल्या इशाऱ्यात लाटेची उंची मियागीसाठी ६ मीटर, इवाते आणि फुकुशिमासाठी ३ मीटर सांगितली गेली. सुमारे अर्ध्या तासाने आकडे वाढवले, १० मीटरहून उंच असंही सांगितलं, पण तोवर वीज गेली होती आणि सुधारित इशारा अनेकांपर्यंत पोहोचलाच नाही. काहींनी '३ मीटर' ऐकून किनाऱ्याच्या भिंतीवर भरवसा ठेवला.

इशारा वेळेत गेला होता आणि यंत्रणा चालू होती. घात त्या आकड्याने केला. नंतरच्या आढाव्यातून नियमच बदलला. मार्च २०१३ पासून अतिप्रचंड भूकंपात तीव्रता लगेच ठरवता येत नसेल, तर पहिल्या इशाऱ्यात मीटर सांगत नाहीत, 'प्रचंड' एवढाच शब्द वापरतात. टीव्हीवरची भाषाही बदलली. १ जानेवारी २०२४ ला नोतो द्वीपकल्प हादरला तेव्हा सार्वजनिक वाहिनीवरची निवेदिका अक्षरशः ओरडून सांगत होती, आत्ताच्या आत्ता पळा.

अमेरिकेत जोप्लिन शहरावर मे २०११ मध्ये टोर्नेडो, म्हणजे जमिनीवर भोवऱ्यासारखं फिरणारं वादळ, कोसळलं आणि १५० हून अधिक माणसं गेली. भोंगे वाजले होते. आढाव्यात कळलं, की बहुतेकांनी पहिला भोंगा ऐकून हालचाल केली नाही, ते दुसरी खूण शोधत राहिले. कुणी आकाश पाहिलं, कुणी टीव्ही लावला. पुढच्याच वर्षी वादळाने काय होईल हे स्पष्ट सांगणाऱ्या इशाऱ्यांचे प्रयोग सुरू झाले.

जे नीट पार पडलं त्याचाही आढावा घ्यावा, याकडे फार कमी लोक लक्ष देतात. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळाने सुमारे १०,००० बळी घेतले. २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा सुमारे १० लाख लोक आधीच हलवले गेले आणि मृतांचा आकडा १०० च्या आत राहिला. हे कसं जमलं, कोणत्या स्वयंसेवकाने कोणत्या घराचं दार ठोठावलं, हे लिहून ठेवलं नाही, तर ती माणसं निवृत्त झाल्यावर ते कसबही जातं.

[दृश्य: प्रशिक्षणार्थी लाल पेनने शिफारशी खोडत आहेत]

शेवटच्या सत्रात प्रत्येकाच्या हातात शिफारशींची यादी आहे. 'समन्वय वाढवावा', 'जनजागृती करावी' अशी वाक्यं सगळ्यांनी मिळून खोडायची. त्या जागी लिहायचं: कोण करणार, कधीपर्यंत, पैसा कुठून, आणि झालं हे कशावरून कळणार. जर्मनीत जुलै २०२१ च्या पुरात १८० हून अधिक लोक गेले. त्या वेळी परिसरातल्या सगळ्या मोबाइलवर एकाच वेळी संदेश सोडण्याची सोय तिथे नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये तिची देशभर चाचणी झाली, फेब्रुवारी २०२३ मध्ये ती सुरू झाली. शिफारस अशी तारखेपर्यंत जावी लागते.

सुलभकाचं काम अहवाल दिल्यावर सुटत नाही. काही महिन्यांनी तो परत जातो, तीच यादी उघडतो आणि बदललेल्या यंत्रणेचा सराव घ्यायला सांगतो. माझा आग्रह आहे, की यातला एक सराव तरी रात्री व्हावा, वीज बंद ठेवून, आणि फोनच्या यादीतला प्रत्येक नंबर खरोखर लावून.