मिठी : सांडव्यापासून खाडीपर्यंत

(दृश्य : भर पावसात विहार तलावाचा सांडवा)

दर पावसाळ्यात मुंबईकर एका बातमीकडे डोळे लावून बसलेले असतात. विहार भरला! बातमी आली, की पाणीकपातीचा घोर जरा कमी होतो. सांडव्यावरून ओसंडलेलं हे पाणी पुढे कुठे जातं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

ते जातं मिठी नदीत.

मिठी विहार तलावातून उगम पावते, असं आपण सहज म्हणून जातो. खरा क्रम उलटा आहे. डोंगरातून उतरणारं पाणी आधी होतं, तलाव नंतर आला. वाढत्या शहराला प्यायला पाणी हवं होतं, म्हणून इंग्रजांनी इथे धरण बांधलं. ते १८६० साली पुरं झालं. वरच्या अंगाचा तुळशी तलाव १८७९ चा, आणि पवई त्यानंतरचा. तुळशी भरला, की त्याचं पाणी विहारात उतरतं. विहार भरला, की मिठीत. पवईचं जादा पाणीही खाली येऊन हिलाच मिळतं.

एकट्या विहारात सुमारे २,७७० कोटी लिटर पाणी मावतं. आधी ते भरायचं, मग उरलेलं नदीला. घरातल्या सगळ्यांची पानं उठल्यावर जेवायला बसणाऱ्या बाईसारखी ही नदी. पावसाळा सरला, की तलावाकडून तेही येत नाही. मग पात्रात वाहतं ते मुख्यतः वस्त्यांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी. तिला नाला म्हणणाऱ्यांना म्हणूनच फार दोष देता येत नाही.

(दृश्य : आरे, मरोळ, साकीनाका, मग विमानतळाची भिंत)

लांबी जेमतेम अठरा किलोमीटर. आरेच्या झाडीत ती अजून ओढ्यासारखी खळाळते. मरोळपासून दोन्ही काठांनी शहर दाटत जातं. विमानतळापाशी तर धावपट्टीसाठी तिची वाटच बदलली, आणि डोंगरउताराचं पाणी काटकोनात वळायला लागलं. पाण्याला काटकोन कळत नाही. जोर असेल, तर ते सरळ जातं.

२६ जुलै २००५ ला ते तसंच गेलं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. वरून डोंगराचं पाणी, खाली समुद्राला भरती, आणि मध्ये कुर्ला, कलिना. त्यानंतर पात्र रुंद झालं, गाळ निघाला, काठाला भिंती उभ्या राहिल्या.

(दृश्य : वांद्रे-कुर्ला संकुल, तिवरांची झाडं)

कुर्ल्याच्या खाली जमीन सपाट होते आणि नदीचा स्वभाव बदलतो. आज जिथे काचेच्या इमारती आहेत, तिथे पूर्वी दलदल होती. भरतीचं पाणी तिथे पसरायचं, मुरायचं. आता त्याला मोकळीक उरली आहे ती काठच्या तिवरांपुरती. धारावीच्या बाजूला महाराष्ट्र निसर्ग उद्यान लागतं. हे जंगल एके काळच्या कचराभूमीवर लावलेलं आहे, हे आत फिरताना खरं वाटत नाही.

पुढे माहीमची खाडी.

(दृश्य : पुलावरून खाली पात्र, भरतीची वेळ)

भरतीच्या वेळी इथल्या पुलावर थांबून खाली बघा. पाण्यावरची पानं, थर्माकोलचे तुकडे, सगळं समुद्राकडे पाठ फिरवून हळूहळू कुर्ल्याच्या दिशेने निघालेलं असतं.