दोन मिनिटांची हवाई फेरी

श्रोतेहो, नमस्कार. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. त्यांतल्या वेस्ट्रेहून पापा वेस्ट्रेला जाणारं विमान वेळापत्रकानुसार दोन मिनिटांत पोचतं. अंतर २.७ किलोमीटर, वारा पाठीशी असला तर मिनिटभरातही आटोपतं. जगातल्या या सर्वांत छोट्या नियमित फेरीचं कौतुक पुष्कळ होतं. पण ती इतकी वर्षं टिकली, ती विमानाच्या अचूक निवडीमुळे.

ही फेरी लोगनएअरची. विली लोगन या बांधकाम कंत्राटदारानं १९६२ साली हवाई टॅक्सी म्हणून कंपनी काढली. १९६७ मध्ये ती ऑर्कनीत आली आणि तिला ब्रिटन-नॉर्मन आयलँडर हे विमान लाभलं. दोन पिस्टन इंजिनं, आखूड धावपट्टीवर भागणारं आणि चाकं कायम खालीच. दोन मिनिटांसाठी चाकं आत घेणारी यंत्रणा हवी कशाला? नसलेला भाग बिघडतही नाही. आत चालायला वाटच नाही. बाजूचं दार उघडून थेट आपल्या रांगेत बसायचं. एक उतारू चक्क वैमानिकाशेजारी. कोण कुठे बसणार, हे वजन पाहून ठरतं, कारण एवढ्याशा विमानाचा तोल दोन दणकट माणसं मागे बसली तरी बदलतो.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या ‘बारा’ (Barra) नावाच्या बेटावर तर विमानतळ म्हणजे पुळणच. तिथे याच कंपनीचं ट्विन ऑटर नावाचं छोटं विमान उतरतं. ओल्या वाळूवर त्रिकोणात तीन धावपट्ट्या, टोकांना खांब. तीन अशासाठी, की वारा कुठूनही आला तरी त्याला सामोरं उतरता यावं. भरतीला सगळंच पाण्याखाली, म्हणून वेळापत्रक ओहोटी पाहून आखतात. चाकांनी उडवलेलं खारं पाणी धातू खातं. विमान गोड्या पाण्यानं धुवावंच लागतं.

लोगनएअरचे मालक बदलत गेले: १९६८ मध्ये बँक, १९८३ मध्ये ब्रिटिश मिडलँड ही विमान कंपनी, १९९७ मध्ये कंपनीचे व्यवस्थापकच. मधली बरीच वर्षं विमानांवर दुसऱ्या विमान कंपन्यांची नावं नि रंग होते. २०१७ पासून पुन्हा स्वतःचं नाव आलं. अर्थात ऑर्कनीतल्या फेऱ्या नुसत्या तिकिटांवर परवडत नाहीत, तिथली बेट-परिषद पैसे घालते. माझ्या मते ते रास्तच आहे; रस्त्याच्या एसटीला आपण नफा विचारतो का?

धुक्यापुढे मात्र इलाज नाही. ऑर्कनीच्या छोट्या बेटांवर वैमानिक बाहेर पाहूनच उतरतो. धावपट्टी दिसली नाही की फेरी रद्द, आणि उतारू बोटीच्या धक्क्यावर.