पाच किलोमीटरांचे स्थलांतर

(दृश्य : सकाळ. सामानाने भरलेली लहान व्हॅन रस्त्याला लागते.)

जर्मनीच्या पश्चिम टोकावरील आखेन शहरातून निघालेली ही व्हॅन नेदरलँड्समधील व्हाल्स या गावाकडे चालली असून, दोन घरांमधले अंतर जेमतेम पाच किलोमीटर आहे. व्हॅनमध्ये दोन गाद्या आहेत, लहान मुलीची सायकल आहे आणि घावने काढण्याचा बिडाचा तवा जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवलेला आहे. पुढच्या सीटवरील बाईंनी मांडीवर धरलेली प्लास्टिकची निळी फाइल मात्र सामानात टाकलेली नाही.

सीमा ओलांडली हे येथे गाड्यांच्या नंबरप्लेटवरून ओळखावे लागते, कारण पांढऱ्या पाट्या मागे पडून पिवळ्या पाट्या दिसू लागल्या की नेदरलँड्स आले असे समजायचे. २०२४ च्या सप्टेंबरपासून जर्मनीने आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून नेदरलँड्सने आपापल्या हद्दीवर तपासणी सुरू केली आहे. आज या रस्त्यावर पोलीस नाहीत आणि व्हॅन कोठेही न थांबता पुढे जाते.

(दृश्य : ड्रोनमधून टेकडी आणि जंगल.)

व्हाल्सच्या मागे दिसणारी ही टेकडी ३२२ मीटर उंचीची आहे आणि युरोपातील नेदरलँड्सच्या सपाट भूमीवर याहून उंच जागा नाही. जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्या सीमा तिच्या माथ्यावर एकत्र येतात. तेथे जाणाऱ्या रस्त्याला मात्र आजही ‘चार सीमांचा रस्ता’ म्हणतात, कारण १९२० पर्यंत मोरेसनेट नावाचा एक चिमुकला तटस्थ प्रदेशही याच बिंदूला येऊन मिळत होता. तो प्रदेश नाहीसा झाला, पण रस्त्याचे नाव बदलण्याची तसदी कोणी घेतली नाही.

(दृश्य : टेबलावर तीन पासपोर्ट.)

या कुटुंबाच्या तीन पासपोर्टांपैकी पती आणि मुलीचे पासपोर्ट लालसर रंगाचे, पोर्तुगालचे आहेत, तर बाईंचा पासपोर्ट गडद निळा, भारताचा आहे. पती आणि मुलगी युरोपीय संघाचे नागरिक आहेत आणि बाई युरोपीय कायद्याच्या भाषेत ‘तिसऱ्या देशाच्या नागरिक’ आहेत. हा फरक कसा पडला, हे समजून घेण्यासाठी गोवा-महाराष्ट्र सीमेवरील तेरेखोल नदीच्या काठी जावे लागते.

(दृश्य : पत्रादेवी. महामार्गावरील ट्रक, हुतात्मा स्मारक.)

बाईंचे माहेर सावंतवाडीचे आणि सासर पेडणे तालुक्यातले. आज या दोन गावांमध्ये एसटीने सहज ये-जा होते, पण १९ डिसेंबर १९६१ पर्यंत येथे दोन देशांची सरहद्द होती आणि ती ओलांडणाऱ्या सत्याग्रहींवर १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला गोळीबार झाला होता. पतीच्या वडिलांचा जन्म त्या काळात सरहद्दीच्या पलीकडे झाला. पोर्तुगीज अमलात गोव्यात जन्मलेल्या व्यक्तीची जन्मनोंद लिस्बनच्या मध्यवर्ती निबंधकाकडे उतरवून घेता येते आणि त्या आधारावर पुढच्या पिढीलाही पोर्तुगालचे नागरिकत्व मिळते. येथे दिसणारे हस्तलिखित नोंदवहीचे पान त्याच जन्माचे आहे; शाई तपकिरी पडली आहे आणि वडिलांचे नाव पोर्तुगीज वळणाने असे काही लिहिले आहे की घरातल्यांनाही ते पहिल्यांदा वाचता आले नव्हते.

लग्नही पेडण्यातच नोंदवले गेले. गोव्यात आजही पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता चालते आणि लग्नाची नोंद दोन टप्प्यांत होते, ज्यांना लोक ‘पहिली सही’ आणि ‘दुसरी सही’ म्हणतात. पहिल्या सहीनंतर हरकती मागवल्या जातात आणि दुसरी सही झाल्यावरच कायद्याच्या दृष्टीने लग्न लागते, मग मंडपात अक्षता कधीही पडलेल्या असोत.

(दृश्य : बाई निळी फाइल उघडतात. कागदांवर जवळून कॅमेरा.)

या फाइलमध्ये एकाच लग्नाचे दोन दाखले आहेत आणि त्यांचा प्रवास निरनिराळा झाला आहे. पहिला पेडण्याचा, ज्यावर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचे ॲपॉस्टिल, म्हणजे दाखला खरा असल्याचे परदेशात दाखवायचे प्रमाणपत्र, आहे. भारत २००५ साली ॲपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला, परंतु जर्मनीने त्या प्रवेशाला हरकत घेतली असल्यामुळे भारतीय ॲपॉस्टिल जर्मनीत ग्राह्य धरले जात नाही. दुसरा दाखला लिस्बनचा आहे, कारण पतीने तेच लग्न पोर्तुगालच्या दप्तरातही उतरवून घेतले होते. युरोपीय संघाच्या एका सदस्य देशाने दिलेल्या जन्म-विवाहाच्या दाखल्यांना दुसऱ्या सदस्य देशात ॲपॉस्टिल लागत नाही, असा नियम १६ फेब्रुवारी २०१९ पासून लागू आहे, आणि सोबत बहुभाषिक नमुना, म्हणजे अनेक भाषांतला ठरावीक फॉर्म, जोडला तर सहसा भाषांतराचाही खर्च वाचतो. परदेशी निघालेल्या गोव्यातील प्रत्येक जोडप्याला ही एक गोष्ट कोणीतरी आधी सांगायला हवी.

दाखल्यांच्या मागे आखेनचा मुक्काम सोडल्याची नोंद आहे, नेदरलँड्समधील हेर्लेनजवळच्या गोदामात पतीला मिळालेल्या नोकरीचे पत्र आहे, नव्या घराचा भाडेकरार आहे आणि अगदी शेवटी, पारदर्शक कप्प्यात, जर्मनीने दिलेले वास्तव्याचे कार्ड आहे. ‘युरोपीय संघाच्या नागरिकाची कुटुंबीय’ अशी ओळख सांगणारे हे कार्ड दाखवून बाई व्हिसाशिवाय नेदरलँड्समध्ये येऊ शकतात, पण नेदरलँड्समध्ये स्थायिक होताना पुन्हा नवा अर्ज करावा लागतो. आधी नगरपालिकेत नाव नोंदवून नागरिक क्रमांक घ्यायचा. मग स्थलांतर खात्याकडे, आपले वास्तव्य युरोपीय कायद्याला धरून आहे याची पडताळणी मागायची. ती चालू असल्याचे स्टिकर पासपोर्टमध्ये लागते आणि सहा महिन्यांच्या आत कार्ड देणे बंधनकारक आहे.

(दृश्य : व्हाल्सचा मुख्य रस्ता, दुकाने, सायकली.)

या सगळ्याचा आधार असलेला युरोपीय निर्देश, म्हणजे सदस्य देशांनी पाळायचा संघाचा कायदा, २००४ सालचा आहे. युरोपीय नागरिक आपला देश सोडून दुसऱ्या सदस्य देशात राहायला गेला आणि तेथे नोकरी-व्यवसाय करू लागला की त्याच्या जोडीदाराला, त्याचे नागरिकत्व कोणतेही असो, सोबत राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क मिळतो. त्याच निर्देशाचे पंचविसावे कलम असे सांगते की कार्ड हातात असणे ही हक्क बजावण्याची पूर्वअट कधीही करता येणार नाही. हक्क नात्याने मिळतो, कार्ड हा त्याचा पुरावा. घरमालक, बँका आणि नोकरी देणारे मात्र पुरावाच आधी मागतात. आयर्लंडने एकेकाळी अशी अट घातली होती की जोडीदाराचे आधीचे वास्तव्य दुसऱ्या सदस्य देशात कायदेशीर असले पाहिजे. २५ जुलै २००८ रोजी लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने मेटॉक खटल्यात ती अट रद्द ठरवली.

याच रस्त्यावर आखेनहून राहायला आलेली अनेक जर्मन कुटुंबे आहेत आणि त्यांच्या बाबतीत कायद्याची एक गंमत होते. जर्मन मनुष्य आपल्या भारतीय पत्नीसह आखेनमध्येच राहिला तर हा निर्देश त्याला लागू होत नाही. पत्नीला तेथे आणायचे तर तिने सहसा आधी जर्मन भाषेची प्राथमिक परीक्षा द्यावी लागते. तोच मनुष्य व्हाल्समध्ये घर घेऊन राहू लागला की युरोपीय नागरिक म्हणून त्याचे हक्क जागे होतात आणि भाषेची ती अट उरत नाही.

(दृश्य : वृद्धाश्रमाचा गणवेश घडी करून खोक्यात ठेवला जातो.)

जोडीदाराचा काम करण्याचा हक्क युरोपीय नागरिक ज्या देशात राहून काम करतो त्याच देशापुरता असतो, असे न्यायालयाने २००६ साली सांगितले आहे. त्यामुळे आखेनच्या वृद्धाश्रमातील बाईंची नोकरी गेल्या शुक्रवारी सुटली, आणि कायम वास्तव्यासाठी एकाच देशात सलग पाच वर्षे लागत असल्याने जर्मनीतली चार वर्षे येथे मोजली जाणार नाहीत.

(दृश्य : नवे घर. मुलगी खोके उघडते.)

खोक्यातून सावंतवाडीची लाकडी फळे बाहेर येतात. आंबा, सीताफळ आणि देठ तुटलेले एक वांगे मुलगी खिडकीच्या कठड्यावर ओळीने मांडते. खालच्या रस्त्याने ३५० क्रमांकाची बस आखेनकडे जाते. तवा स्वयंपाकघरात पोहोचला आहे आणि गाद्या अंथरून झाल्या आहेत. निळी फाइल तेवढी अजून टेबलावरच आहे, कारण मंगळवारी सकाळी सव्वानऊला नगरपालिकेची वेळ मिळाली आहे.