सुईआधीचा अर्धा तास

(दृश्य: डिसेंबरातली सकाळ. दिंडोरी रोडवर धुकं. एसटीच्या खिडकीची काच पदरानं पुसणारा एक हात.)

निवेदन :

दिंडोरीकडून नाशिकला येणारी ही सकाळची एसटी. म्हसरूळ आलं, आरोग्य विद्यापीठाची कमान मागे पडली. खिडकीशी बसलेल्या मावशींचं लक्ष मात्र बाहेर नाही. मान वळवली की उजव्या खांद्यापासून कानामागपर्यंत कळ जाते, म्हणून त्या सरळ समोर बघत बसल्या आहेत.

मावशी द्राक्षबागेत कामाला जातात. ऑक्टोबरची छाटणी झाली की काही आठवड्यांत घड धरतात आणि मग विरळणी सुरू होते. मांडवाखाली उभं राहायचं, मान वर, हात वर, हातात छोटी कात्री. प्रत्येक घडातले दाटीचे मणी कापून काढायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत हेच. निर्यातीच्या पेटीतला तो एकसारखा, टपोरा घड असाच तयार होतो, आणि तो करणाऱ्या बायांच्या माना अशाच दुखत असतात.

"आधी बाम लावला, मग गोळ्या खाल्ल्या," मावशी सांगतात. "गोळी खाल्ली का दोन दिवस बरं, परत तेच. आमच्या टोळीतली एक म्हणली, सुया लावून बघ. सुई म्हटलं का माझ्या पोटात गोळाच येतो. पण आले."

(दृश्य: गंगापूर रोडच्या मागची गल्ली. लहानसा दवाखाना. बाहेर चपला.)

अ‍ॅक्युपंक्चरच्या दवाखान्यात पहिल्यांदा येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस हाच गोळा पोटात घेऊन येतो. त्याचं सगळं लक्ष सुईकडे असतं. आम्ही तीन दिवस इथे कॅमेरा घेऊन बसलो आणि आमचं लक्ष दुसरीकडेच गेलं: सुई लागण्याआधीच्या अर्ध्या तासाकडे. नवीन रुग्णाचं बरंचसं भलंबुरं तिथे ठरतं.

मावशी आत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि सवयीनं पदर सोडून खांदा पुढे केला. इथे सुया लावणाऱ्या मॅडमनी हात धरून तो परत खाली ठेवला.

"थांबा मावशी. सकाळपासून काय खाल्लंय?"

"चतुर्थी आहे ना. चहा घेतला फक्त."

मॅडमनी सुयांचा ट्रे बाजूला सारला. शेजारच्या टपरीवरून दोन केळी आली, थोडं पाणी दिलं, आणि मावशींना वीस मिनिटं बाकावर बसवलं.

उपाशीपोटी, दमून-भागून किंवा धावत येऊन सुया लावून घेतल्या तर काहींना घेरी येते. घाम फुटतो, मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी सुया लगेच काढून, पाय थोडे उंच करून आडवं ठेवलं की माणूस बहुधा काही मिनिटांत सावरतो. पण मुळात ते टाळता येतं. आपल्याकडे आठवड्याचे वार, संकष्टी, एकादशी, नवरात्र, इतके उपास असतात, की हा प्रश्न नाशिकमध्ये पहिलाच विचारायला हवा. तुम्हाला कुणी विचारला नाही, तर तुम्हीच सांगा. पहिल्या खेपेला बसवून न घेता आडवं झोपवूनच सुया लावायला सांगा, तेही याचसाठी.

(दृश्य: टेबलावर उलटी केलेली कापडी पिशवी. गोळ्यांच्या अर्धवट पट्ट्या.)

एक केळं खाऊन होईपर्यंत मावशींची पिशवी उघडली गेली. रक्तदाबाची गोळी मावशींनी सांगितली होती. तिच्याखाली आणखी एक पट्टी निघाली. "ही छातीची. मागं दुखलं होतं तेव्हा दिलेली, रोज एक." ती रक्त पातळ ठेवणारी गोळी होती.

ही गोळी चालू असली म्हणून अ‍ॅक्युपंक्चर करता येत नाही असं नाही. पण सुई किती खोल घालायची, काढल्यावर किती वेळ दाबून धरायचं, हे त्यावरून ठरतं. आणि ती गोळी आपल्या मनानं बंद तर मुळीच करायची नसते. म्हणून नावं पाठ नसतील तर पट्ट्याच बरोबर न्या. तसंच सांगायचं ते गर्भारपणाचं, अगदी नुसती शंका असली तरी. अंगठा आणि तर्जनीच्या मधला एक बिंदू, घोट्याच्या आतल्या बाजूला वरचा एक बिंदू, असे काही बिंदू गर्भारपणात टाळण्याची परंपरा आहे. छातीत पेसमेकर असेल तर सुयांना वीज जोडून देतात तो प्रकार नको. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हात सुजत असेल, तर त्या हाताला सुई नको. आणि मधुमेहानं तळपाय बधिर झाले असतील तर शेकाबद्दल फार जपायला हवं. नागदवण्याच्या कुळातल्या वनस्पतीची वात पेटवून बिंदूजवळ धरतात, किंवा लाल दिवा लावतात. बधिर पायाला चटका बसलेला कळत नाही.

मग मॅडमनी मावशींना स्वतःची दोन बोटं घट्ट धरायला लावली, आधी उजव्या हातानं, मग डाव्या. हातातून कात्री गळून पडते का? चालताना तोल जातो का? लघवीवरचा ताबा? ताप, वजन उतरणं, पडणं-झडणं? एक्स-रे उजेडाला धरून पाहिला. यातल्या एकाचंही उत्तर हो असतं तर मावशींना आज सुई लागली नसती, त्यांना आधी हाडांच्या किंवा मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं. मानेतला मज्जारज्जू दाबला जात असेल तर सुईनं दुखणं कमी वाटेल आणि मोलाचा वेळ हातातून जाईल. म्हणून निदान आधी, सुया नंतर.

हे मी इतकं आग्रहानं सांगते आहे, कारण माझ्या मामांनी याची किंमत मोजली. एका ठिकाणी त्यांना सांगितलं गेलं, सुया चालू आहेत तोवर साखरेच्या गोळ्या बंद ठेवा, शरीर आपोआप सुधारेल. मामांनी विश्वास ठेवला. तीन आठवड्यांनी त्यांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. इन्शुलिन, क्षयाची औषधं, कर्करोगाचे उपचार, रक्तदाबाच्या गोळ्या, यातलं काहीही थांबवायला अ‍ॅक्युपंक्चर करणारा सांगत असेल, तर चप्पल घाला आणि बाहेर पडा.

(दृश्य: भिंतीवरचं नोंदणी प्रमाणपत्र, काचेत.)

समोरचा माणूस कोण आहे हे विचारण्यात उद्धटपणा नाही. महाराष्ट्रात या उपचारपद्धतीसाठी २०१५चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली परिषद आहे, नोंदणी आहे. नोंदणी क्रमांक मागा. फिजिओथेरपिस्ट 'ड्राय नीडलिंग' म्हणून करतात त्यातही सुई हीच असते, विचार वेगळा असतो. आणि अ‍ॅक्युप्रेशरमध्ये सुई नसतेच, तिथे दाब असतो. या दोन्हींत घोटाळा करून बरेच लोक इथे येतात.

ही पद्धत चीनची, दोन हजारांहून अधिक वर्षं जुनी. महाराष्ट्रात अनेकांना वाटतं की ती सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी आपल्याकडे आणली. कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, नागपूरचे डॉ. चोळकरही त्या पथकात होते. कोटणीसांनी तिथे युद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या आणि १९४२ साली तिथेच देह ठेवला. त्यांचे पथकातले सहकारी, कोलकात्याचे डॉ. बिजयकुमार बसू, १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते भारतात आणलं. कोटणीसांचं मोठेपण त्यामुळे तसूभरही कमी होत नाही, पण बसूंचं नाव आपण विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: कागदी पाकीट फाटल्याचा आवाज. सुई अगदी जवळून.)

आता सुई.

मॅडमनी पाकीट मावशींच्या डोळ्यांदेखत फाडलं. निर्जंतुक, एकदाच वापरायची, स्टीलची. जाडी पाव मिलिमीटर. इंजेक्शनची नेहमीची सुई साधारण याच्या दुप्पट जाड असते आणि पोकळ असते, कारण तिच्यातून औषध जायचं असतं. ही भरीव आहे. हिच्यातून काहीही आत जात नाही. बोटानं वाकवली तर वाकते, सोडली की सरळ. पाकीट समोर फोडलं जात नसेल तर तसं सांगायला कचरू नका. एकेकाळी त्याच सुया पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस बी, म्हणजे एक प्रकारची कावीळ पसरल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत.

पहिली सुई मानेला लागलीच नाही, ती गुडघ्याखाली लागली. जागा शोधायला मॅडमनी मावशींचाच हात घेतला, चारी बोटं जुळवून गुडघ्याच्या वाटीखाली आडवी ठेवली, आणि नडगीच्या हाडापासून बोटभर बाहेरच्या बाजूला खूण केली. या शास्त्रात माप रुग्णाच्या स्वतःच्या बोटांचं असतं: अंगठ्याची रुंदी म्हणजे एक 'त्सून', जुळवलेली चार बोटं म्हणजे तीन. आयुर्वेदातलं स्वांगुल प्रमाण ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल. मावशींची बोटं कात्रीनं घट्टे पडलेली, अंगठा रुंद. त्यांचा बिंदू त्यांच्याच मापानं सापडला.

टिचकी. मावशींनी डोळे मिटले होते. "टोचा ना आता," त्या म्हणाल्या. सुई आत गेलेली होती.

पण टोचणं संपलं म्हणजे सगळं संपलं असं नाही, आणि हे नव्या माणसाला आधी कुणी सांगत नाही. सुई जागेवर किंचित फिरवली की एक वेगळीच जाणीव होते. चिनी भाषेत तिला 'द-ची' म्हणतात. कुणाला मुंग्या, कुणाला ठणका, कुणाला आतून ओढल्यासारखं. मावशींना मानेच्या सुईपाशी विचारलं तर म्हणाल्या, "भरलेली घागर ठेवल्यावाणी जड झालं." ही जाणीव अपेक्षित आहे. मात्र चटका बसल्यासारखी किंवा विजेच्या झटक्यासारखी तीव्र कळ अपेक्षित नाही. तशी आली तर सहन करत पडून राहू नका, लगेच बोला. सुई तसूभर मागे घेतली की ती थांबते.

खांद्यावरची सुई लावताना मॅडम सगळ्यात हळू झाल्या. स्नायू चिमटीत उचलला, सुई आडवी धरली, जेमतेम आत नेली. कारण तिथे खाली फुप्फुसाचं टोक असतं. सुई चुकून तिथवर पोचली तर छातीत हवा भरून फुप्फुस दबू शकतं. हे क्वचित घडतं, पण खांदा, पाठ किंवा छातीला सुया लावल्यावर, अगदी घरी गेल्यानंतरही, धाप लागली किंवा छातीत कळ आली तर वाट न बघता तातडीनं रुग्णालय गाठायचं आणि सुया लावल्याचं तिथे सांगायचं. बाकीचे त्रास बहुधा किरकोळ असतात: थेंबभर रक्त, निळसर डाग, एखाद दिवस अंग ठणकणं, झोप येणं.

(दृश्य: खोलीत शांतता. घड्याळ. अंगावर चादर घेतलेल्या मावशी.)

सुया वीस-पंचवीस मिनिटं तशाच राहतात. तेवढ्यात मावशींचा डोळा लागला.

याचा उपयोग होतो का? याचं उत्तर आडपडदा न ठेवता द्यायला हवं. जुनं शास्त्र सांगतं की शरीरात चौदा मुख्य वाहिन्या आहेत, त्यांवर ३६१ बिंदू आहेत आणि त्यांतून 'ची', म्हणजे जीवनऊर्जा, वाहते. आधुनिक संशोधनाला या वाहिन्या शरीरात सापडलेल्या नाहीत. सुईनं मज्जातंतू चाळवले जातात आणि शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यं, एंडॉर्फिन, सोडतं, याचे पुरावे मात्र १९७०च्या दशकापासून मिळत आले आहेत. २०१८ साली ३९ चाचण्यांमधल्या वीस हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली: जुनी पाठदुखी, मानदुखी, डोकेदुखी, गुडघ्यांची झीज. सुया लावलेल्यांना न लावलेल्यांपेक्षा स्पष्ट आराम होता आणि तो बराच काळ टिकला. खोट्या सुयांशी, म्हणजे सुई लावल्याचा नुसता देखावा केलेल्यांशी, तुलना केली तेव्हा फरक उरला, पण लहान. इंग्लंडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना अर्धशिशी आणि ताणाच्या डोकेदुखीसाठी दहा बैठकांपर्यंत अ‍ॅक्युपंक्चर सुचवतात. कंबरदुखीसाठी मात्र २०१६पासून नको म्हणतात. अमेरिकेतली ज्येष्ठांची सरकारी आरोग्यविमा योजना २०२०पासून त्याच जुन्या कंबरदुखीसाठी नव्वद दिवसांत बारा बैठकांचा खर्च देते. जाणती माणसंही याबाबत अजून एकमतावर आलेली नाहीत. म्हणून 'मुळापासून बरं करतो' असं छातीठोक सांगणाऱ्यापासून सावध राहा.

मॅडमनी मावशींना तसं काही सांगितलं नाही. आठवड्यातून एकदा, सहा बैठका. दरवेळी दुखण्याला दहापैकी किती गुण, ते वहीत लिहायचं. सहानंतर आकडा हलला नसेल तर थांबायचं आणि दुसरा मार्ग शोधायचा. पैसे बैठकीगणिक. वीस बैठकांचं पॅकेज पहिल्याच दिवशी कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, एवढं मी माझ्या पदरचं सांगते. आणि मांडवाखाली तासातासाला पाच मिनिटं हात खाली सोडून बसायचं, हेही मॅडमनी वहीत लिहून दिलं. मावशी हसल्या. मुकादम ऐकेल का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर दवाखान्यात कुणाकडेच नव्हतं.

(दृश्य: चिमटीत सुई, पांढरा डबा.)

सुया निघाल्या. लावताना अकरा होत्या, काढताना मॅडमनी मोठ्यानं मोजल्या. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीमुळे प्रत्येक जागी कापूस थोडा जास्त वेळ दाबून धरला. अकराच्या अकरा सुया टोचून फुटणार नाही अशा पांढऱ्या डब्यात पडल्या. मावशींनी एकदम उठायचं नाही, दहा मिनिटं बसायचं, मग निघायचं.

बाकावर बसून त्यांनी मान हळूच उजवीकडे वळवून पाहिली. मग डावीकडे. दहापैकी किती, असं विचारल्यावर थोडा विचार करून म्हणाल्या, "सकाळी आठ होतं. आता सहा धरा. उद्या बागेत गेल्यावर खरं कळंल."

मॅडमनी वहीत सहा लिहिलं. मावशींनी दुसरं केळं पिशवीत टाकलं, पुढच्या खेपेला उपास येत नाही ना, ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघून घेतलं, आणि दिंडोरीची गाडी गाठायला त्या निघाल्या.