बेबिंकेतून उरलेलं पांढरं

नमस्कार श्रोतेहो.

डिसेंबर लागला की आमच्या वाड्यावर दुपारी एक वास सुटतो. नारळाचा रस, तूप, जायफळ, आणि वरून दिलेली आच. शेजारच्या आंटीची बेबिंक, म्हणजे आमचा थराथरांचा गोड पदार्थ, चढलेली असते. थर ओतायचा, भाजायचा, तूप सोडायचं, मग पुढचा थर. सात थरांची करणारे आहेत, सोळा थरांचीही करणारे आहेत. आंटी एका बेबिंकेला वीस अंडी फोडते, पण वापरते फक्त बलक. काही वर्षांपूर्वी तिने कुंपणावरून एक स्टीलचा डबा पुढे केला आणि विचारलं, "बाय, हें धवें तुका जाय?"

धवें म्हणजे अंड्याचं पांढरं, ते तुला हवंय का, असं ती विचारत होती. जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठातल्या मादरी, म्हणजे नन्स, हे पांढरं कपड्यांना खळ द्यायला वापरत आणि उरलेल्या बलकांतून बेबिंक जन्माला आली, अशी गोष्ट आमच्याकडे सांगतात. माझ्या घरात गंगा उलटी वाहिली. बलक गेले बेबिंकेत, आणि उरलेल्या पांढऱ्यातून मी साखरेची नक्षी काढायला शिकले. आज त्याबद्दलच बोलणार आहे. बारशाला, मुंजीला, लग्नाला, नाताळाला हल्ली सजवलेल्या शुगर कुकीज वाटतात ना, त्या घरी कशा करायच्या, आणि आपल्या गोव्याच्या हवेत कशा करायच्या. हवेचं मी मुद्दाम म्हणते, कारण पुस्तकातली कृती जिथे लिहिली गेली तिथे आपला पाऊस पडत नाही.

आधी कुकी. नानकटाई सगळ्यांनी खाल्लेली आहे. ती भट्टीत फुलते, पसरते, वर तडकते, आणि तो तडाच तिचं रूप. शुगर कुकीचं उलट असतं. ती पाटीसारखी सपाट राहिली पाहिजे आणि तिची कड कापली तशीच भाजून बाहेर आली पाहिजे, कारण तिच्यावर चित्र काढायचं असतं. म्हणून तिच्यात सोडा नको, बेकिंग पावडरही नको.

कागद-पेन जवळ असेल तर प्रमाण लिहून घ्या. बिनमिठाचं बटर २०० ग्रॅम. पिठीसाखर १५० ग्रॅम. अंडं एक. मैदा ३५० ग्रॅम. चिमूटभर मीठ. पुन्हा सांगते: बटर २००, साखर १५०, एक अंडं, मैदा ३५०, चिमूटभर मीठ. वासाला व्हॅनिला घाला, पण मी अर्धं जायफळ किसून घालते. सावईवेरेंच्या बाजूला आमचं जाणं-येणं आहे, तिथल्या कुळागरांतलं जायफळ घरात असतंच. दिसायला सुरेख आणि चवीला नुसती गोड अशी कुकी मला पटत नाही. तोंडात घातल्यावर तिने काहीतरी सांगायला हवं.

आता बटर. प्रत्येक कृतीत लिहिलेलं असतं, "बटर खोलीच्या तापमानाला आणा." ती खोली थंड देशातली, १८-२० अंशांची. आपल्या स्वयंपाकघरात मे महिन्यात ३३-३४ अंश असतात, तिथे बटर तासभर बाहेर ठेवलं तर त्याचं तेल होतं. मग पीठ सैल पडतं, कुकी पसरते, आणि आपल्याला वाटतं प्रमाण चुकलं. आपल्याकडे फ्रीजमधून काढलं की दहा-पंधरा मिनिटं पुरे. बोटाने दाबलं तर खळगा पडावा, पण बोट चकाकू नये. बटर आणि साखर एकजीव होईपर्यंतच फेटायचं. जास्त फेटलं तर हवा भरते आणि कुकी फुगते. मग अंडं, मग मैदा. मैदा घातल्यावर मळत बसायचं नाही, गोळा झाला की थांबायचं.

हा गोळा दोन बटर पेपरांच्या मध्ये ठेवून लाटा, साधारण ६ मिलिमीटर जाड. जाडी सगळीकडे सारखी यावी म्हणून मी दोन बाजूंना दोन सारख्या लाकडी पट्ट्या ठेवते आणि लाटणं त्यांच्यावरून फिरवते. लाटलेली पोळी कागदासकट अर्धा तास फ्रीजमध्ये. मग आकार कापा, आणि कापलेल्या कुकीज भट्टीत जाण्याआधी पुन्हा पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये. या दुसऱ्या वेळचा कंटाळा बहुतेक जण करतात, आणि कडा तिथेच बिघडतात. भट्टी १७५ अंशांवर आधी तापलेली हवी, वेळ दहा ते बारा मिनिटं. कड जेमतेम सोनेरी दिसली की बाहेर. या प्रमाणात मध्यम आकाराच्या २५ ते ३० होतात.

साच्यांवर पैसे घालवू नका. वाटीने गोल कापता येतो. चौकोनी तुकड्याला नेवरीच्या, म्हणजे करंजीच्या, कातणाने कड दिली की इतकी छान दिसते! बाकीचे आकार पुठ्ठ्यावर काढायचे, पुठ्ठा पिठावर ठेवायचा, सुरीने भोवतीने कापायचं.

आता आयसिंगकडे येते. यात माझा जीव आहे, इथे मी जरा रेंगाळणार.

याला रॉयल आयसिंग म्हणतात. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या १८४० सालच्या लग्नाच्या केकशी या नावाचा संबंध जोडतात. नाव राजेशाही, सामान साधं: एका अंड्याचं पांढरं, म्हणजे साधारण ३० ग्रॅम, त्याला २०० ग्रॅम पिठीसाखर आणि अर्धा चमचा लिंबाचा रस. साखर मलमलीतून चाळून घ्या. घरी मिक्सरवर वाटलेली साखर हाताला मऊ लागली तरी तिच्यात कण राहतात आणि एक कण, आयसिंग ज्यातून सोडतो त्या कोनाचं तोंड बंद करतो. चमचा उचलल्यावर तुरा उभा राहीपर्यंत फेटायचं. भांडं कायम ओल्या फडक्याने झाका, कारण उघडं राहिलं की वर पापुद्रा धरतो.

यापुढचं सगळं पाण्याचं काम आहे, आणि पाणी थेंबाथेंबाने. घट्ट आयसिंगने बाहेरची रेघ काढायची. तेच थोडं सैल करून त्या रेघेच्या आत भरायचं. सैल किती? भांड्यातल्या आयसिंगमध्ये सुरीने रेघ ओढा आणि मनात मोजा. पंधरा म्हणेपर्यंत रेघ मिटली तर भरायला बरोबर. पाचातच मिटली तर पातळ झालं, ते बांध ओलांडून वाहणार, चमचाभर साखर घाला. आपल्या बायकांना हा अंदाज लवकर येतो, असा माझा अनुभव आहे. चिमटीतून रांगोळी किती सोडायची, हे बोटांना लहानपणापासून माहीत असतं. कोनातून रेघ सोडताना कोन कुकीला टेकवू नका. थोडा वर धरा आणि रेघ खाली पडू द्या, मग हात थरथरला तरी ती सरळ पडते.

कच्च्या पांढऱ्याबद्दल स्पष्ट सांगते. लहान मुलं, गरोदर बायका, वयस्कर माणसं खाणार असतील तर कच्चं पांढरं वापरू नका. केकच्या सामानाच्या दुकानात मेरिंग पावडर, म्हणजे वाळवलेल्या पांढऱ्याची पूड, मिळते, ती घ्या. मी स्वतः बाहेरच्या सगळ्या ऑर्डरींना तीच वापरते. आंटीचं धवें घरच्या आणि हाताच्या सरावासाठी.

आणि आता एका जुलैची गोष्ट. भाचीचं बारसं होतं. मी हौसेने साठ कुकीज करायला घेतल्या, पांढऱ्यावर लाल फुलं. बाहेर तीन दिवस धार लागलेली. रात्री पांढरा थर भरला, सकाळी वर हात लावला तर कोरडा वाटला, म्हणून फुलं काढली. दुपारपर्यंत लाल रंग पांढऱ्यात उतरला. प्रत्येक फुलाभोवती गुलाबी डाग. मला रडू आलं. बारशाला साध्या, बिनचित्राच्या कुकीज गेल्या.

चूक काय झाली ते मला सासूबाईंनी सांगितलं, ज्यांनी आयुष्यात कधी आयसिंग केलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "अगो, हलवा आपण संक्रांतीलाच का करतो?" हलव्याच्या दाण्यावर पाकाचा थेंब थेंब सोडत मंद आचेवर हलवत राहायचं, तेव्हा कुठे काटा येतो. तो काटा येतो जानेवारीच्या कोरड्या, गार हवेत. पावसात येत नाही, कारण साखर हवेतलं पाणी ओढून घेते. हलव्याचे हार, बाजूबंद, मुकुट करणाऱ्या बायकांना साखर आणि हवा यांचं नातं पुरतं कळलेलं होतं. मी ते नवीन म्हणून शिकत होते.

तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी वेगळ्या रीतीने काम करते. एसी असेल त्या खोलीत दारं लावून ड्राय मोडवर वाळवते, वर पंखा. एसी नसेल तर भट्टी बंद ठेवून आतला फक्त दिवा लावायचा आणि कुकीज आत ठेवायच्या, तेवढी ऊब पुरते. फ्रीजमध्ये मात्र कधीच नाही. बाहेर काढल्याबरोबर दव धरतं आणि नक्षी पाझरते. पांढरा थर पूर्ण २४ तास वाळल्याशिवाय त्याच्यावर गडद रंग नाही. रंग जेलचा घ्या, पाण्यासारखा पातळ नको. आणि तो कमी घाला, झाकून चार तास ठेवा. गडद रंग आपोआप आणखी चढतो. घाईने जास्त घातलेला रंग जिभेला कडू लागतो आणि पसरतोही.

आता चित्रं. इथे माझं एक ठाम मत आहे. आपण नाताळाला बर्फाचा माणूस का काढायचा? गोव्यात बर्फ कुणी पाहिलाय? चांदणी काढा, येशूजन्माचा गोठा काढा, कंदील काढा, बाहेर अंगणात जे टांगलंय तेच. चवथीला गणपतीच्या वर टांगलेली फळांची माटोळी समोरच असते: सुपारीचा घोस, नारळ, तोरिंग, चिबूड. या फळांचे साचे जगात कुठल्या दुकानात नसतील, पण पुठ्ठा आणि सुरी आहे ना. फक्त चवथीला अंडं चालत नाही. तेव्हा कुकीत अंड्याऐवजी तीन मोठे चमचे दूध घाला. आयसिंगमध्ये काबुली चणे उकडलेलं दाट पाणी घ्या, दोन मोठे चमचे एका पांढऱ्याच्या जागी. ते पांढऱ्यासारखंच फेटलं जातं. २०१४ च्या सुमाराला एका फ्रेंच गायकाने हे करून दाखवलं आणि मग जगभर पसरलं. चण्याचा वास लिंबू आणि वेलचीत जातो. आमच्याकडे तरीही या कुकीज नैवेद्याच्या ताटात जात नाहीत, तिथे नेवऱ्याच. आरतीला येणाऱ्या मुलांच्या हातावर त्या ठेवतो.

पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारातून आत गेलात की निळ्या-पांढऱ्या फरशांची भिंत दिसते. चौकोनी कुकी पांढरी भरून, वाळवून, तिच्यावर निळ्या जेलने ब्रशने तशी नक्षी काढता येते. ब्रश पाण्यात बुडवू नका, पाण्याने साखर विरघळते. व्हॉडकाचे दोन-चार थेंब लागतात, ते उडून जातात. फेणीने करून पाहिलं, काम होतं, पण वास मागे राहतो.

माझी सगळ्यात लाडकी मात्र कावी. आडवलपालच्या शर्वाणीच्या देवळात ती पाहिली आणि मी भिंतीसमोर उभीच राहिले. पांढऱ्या चुन्याच्या थरावर तांबड्या मातीच्या रंगाचा, म्हणजे कावेचा थर द्यायचा आणि तो टोकदार हत्याराने खरवडून खालचं पांढरं वर आणायचं. रंग भरून चित्र होत नाही, काढून टाकून होतं. घरी येताना सगळ्या वाटेवर मला एकच दिसत होतं: खाली पांढरं आयसिंग, वर तांबडा थर, आणि हातात सुई.

करायला सोपं आहे. पांढरा थर एक दिवस वाळवा. लाल रंगात थोडा तपकिरी मिसळून काव तयार करा, व्हॉडकाने सैल करा आणि रुंद ब्रशने एकच पातळ हात द्या. पुन्हा पुन्हा ब्रश फिरवला तर खालचा थर उकलतो. दहा-पंधरा मिनिटांत तो सुकतो. मग स्वच्छ सुईने कमळ, मोर, वेल, जे येईल ते खरवडा. निघालेली पूड फुंकू नका, मऊ कोरड्या ब्रशने झाडा. फुंकरीतली ओल नको.

एका चांगल्या कुकीला अर्धा तास जातो. लग्नाला शंभर हव्या असतील तर पन्नास तास झाले. ज्या मुली घरून हा धंदा करतात त्यांना माझं सांगणं आहे की सामानाचे पैसे धरता तसे या तासांचेही धरा. आणि मागवणाऱ्यांना विनंती, आठ दिवस आधी सांगा. वाळायला लागणारा वेळ पैसे देऊनही कमी होत नाही.

गेल्या नाताळाला कावीच्या बारा कुकीज मी आंटीकडे कुस्वादाच्या, म्हणजे नाताळच्या फराळाच्या, ताटाच्या बदल्यात पाठवल्या. मधल्या एकीवर तिच्या दारातला कुरीस, म्हणजे क्रूस, काढला होता. दुसऱ्या दिवशी गेले तर अकरा संपल्या होत्या आणि ती एक नाताळच्या गोठ्यात, गवतावर उभी करून ठेवलेली. म्हणाली, "ही खावपाक नाका." ही खायची नाही.

या आठवड्यात तिची बेबिंक चढेल. डबा मी कालच घासून, पुसून कुंपणापाशी ठेवलाय. पांढरं फेटायच्या भांड्याला तुपाचा किंवा पाण्याचा थेंबही चालत नाही, तुम्हीही लक्षात ठेवा.

नमस्कार.