लिंबाच्या रसात मुरलेला बटाटा

नमस्कार. मागच्या टेबलावर झाकून ठेवलेला ट्रे तुम्ही येतानाच पाहिला असेल. आज दुपारीच करून आणला आहे. माझं बोलणं संपेपर्यंत तो कोमट होईल, आणि हा पदार्थ कोमटच छान लागतो, तेव्हा थोडा धीर धरा.

हा पदार्थ ग्रीसमधला. तिकडे त्याला ‘पतातेस लेमोनातेस’ म्हणतात, म्हणजे लिंबातले बटाटे. ‘पताता’ हा शब्द आपल्या कानाला परका वाटत नाही, कारण आपला ‘बटाटा’ त्याचाच भाऊबंद आहे. आपल्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर आला. दोन्हींचं मूळ कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेत आहे, आणि तिथे त्याचा अर्थ होता रताळं.

ग्रीसमध्ये बटाटा तसा नवखाच. स्वतंत्र ग्रीसचे पहिले राज्यप्रमुख इओआनिस कापोदिस्त्रियास 1828 साली तिथे पोचले. त्यांनी लोकांना बटाटा खायला कसं लावलं, याची एक आख्यायिका आहे. फुकट देऊनही कोणी हात लावेना, तेव्हा त्यांनी बटाट्यांच्या ढिगाभोवती पहारा बसवला. एवढं जपतात म्हणजे काहीतरी मोलाचं असणार, असं वाटून लोकांनी ते चोरायला सुरुवात केली, आणि पहारेकऱ्यांना मुद्दाम डोळेझाक करायला सांगितलेलं होतं. अशीच गोष्ट फ्रान्समध्ये बटाट्याचा प्रचार करणाऱ्या पार्मांतिएबद्दलही सांगतात, म्हणून मी तिला आख्यायिका म्हणते. पण बटाटा आला तेव्हा ते स्वयंपाकघर आधीच भरलेलं होतं. ऑलिव्हचं तेल, लिंबू, लसूण, रिगानी म्हणजे ओरेगॅनो, हे सगळं मांसामाशांना लावायची पद्धत होतीच. नव्या पाहुण्यालाही तेच मिळालं. आपण नाही का मोहरी-हिंग-हळदीच्या फोडणीत बटाट्याला घरचं करून टाकलं!

आता मला जे कळकळीनं सांगायचं आहे ते सांगते. आपल्याकडे ‘हर्ब पोटॅटो’ म्हणून जे केलं जातं त्यात बटाटे कोरडे भाजतात आणि वरून ओरेगॅनो भुरभुरतात. पिझ्झाबरोबर आलेली पुडी फोडली की झालं. त्यात वरचा पाला करपतो आणि आतला बटाटा अळणी राहतो. ग्रीक पद्धतीत ट्रेमध्ये पाणी असतं. तेल, लिंबाचा रस, पाणी, लसूण आणि ओरेगॅनो यांच्या रश्शात फोडी निम्म्या बुडालेल्या असतात. आधी त्या रश्शात शिजतात आणि तो आत मुरवून घेतात. मग रस्सा आटतो, खाली तेल उरतं आणि त्याच तेलात कडा लाल होतात. एकाच ट्रेमध्ये आधी शिजणं, मग भाजणं.

हे कानांनीही कळतं. पहिली तीस-चाळीस मिनिटं ट्रेमधून मंद खदखद ऐकू येते. पाणी आहे तोवर तळाशी तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहतं, ओव्हन दोनशेवर असला तरी. पाणी संपत आलं की आवाज बदलतो, खदखदीची चरचर होते. त्या क्षणी फोडी उलटायच्या. काचेतून पाहिलं तर तेलाचे बुडबुडे बारीक झालेले दिसतात आणि ट्रेच्या कडेला तपकिरी रेघ धरलेली असते. ती रेघ उलथन्यानं खरवडून फोडींना लावा. सगळी चव तिथे गोळा झालेली असते.

पहिल्यांदा केले तेव्हा माझे बटाटे तासाभरानंतरही मध्ये कच्चेच होते. वरून लाल आणि दाताखाली कचकचीत. मला वाटलं ओव्हन बिघडला. कारण वेगळंच होतं. भाजीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबटात लवकर विरघळत नाही. म्हणून तर चिंच किंवा टोमॅटो आधी घातला की आमटीतली भाजी शिजत नाही, असं आपल्या आया सांगत आल्या. मी चार लिंबं सुरुवातीलाच पिळली होती. तेव्हापासून मी निम्मा रस सुरुवातीला घालते आणि निम्मा फोडी उलटताना. आपल्यासाठी याला आणखी एक कारण आहे. तिकडचं लिंबू मोठं, जाड सालीचं आणि जरा सौम्य असतं. आपलं कागदी लिंबू लहान आणि तिखट आंबट, त्याचा रस फार वेळ तापला की कडवटपणा येतो.

आता ओरेगॅनो. तळहातावर थोडा वाळलेला ओरेगॅनो घ्या, दुसऱ्या तळव्यानं चुरडा आणि नाकाशी धरा. कशाची आठवण येते? ओव्याची. हा भास नाही. ओव्यातला मुख्य वास थायमॉलचा, ग्रीक ओरेगॅनोतला कार्व्हाक्रॉलचा. दोन्ही रेणूंचं सूत्र तंतोतंत एकच आहे, फक्त त्यातला एक गट वेगळ्या जागी बसला आहे. आपल्या कुंडीत पानओवा असतो ना, जाड लवदार पानांचा, ज्याची भजी करतो? त्याच्या वासाचं नातंही याच दोन रेणूंशी. म्हणून चांगला ओरेगॅनो मिळाला नाही, तर पानओव्याची दोन पानं अगदी बारीक चिरून घाला. चव हुबेहूब तीच येणार नाही, पण ट्रेमधलं सगळं एकमेकांशी जुळतं.

कोथिंबीर मात्र या ट्रेत नको, हे माझं ठाम मत. लिंबू आणि कोथिंबीर एकत्र आली की आपली जीभ थेट भेळेकडे जाते. कोथिंबिरीची हौस असेल तर लेबनॉनचा ‘बटाटा हर्रा’ करा. हर्रा म्हणजे तिखट. तळलेल्या फोडी, लसूण, मिरची आणि भरपूर कोथिंबीर. तोही भूमध्य समुद्राकाठचाच, पण स्वभाव अगदी वेगळा.

प्रमाण लिहून घ्या. एक किलो बटाटे सोलून लांबट, जाड फोडी करा, एका मध्यम बटाट्याच्या चार. काचऱ्यांसारखे पातळ काप केलेत तर लगदा होईल. ऑलिव्ह तेल 100 मिली. हात आखडू नका, शेवटी हेच तेल भाजायला उरणार आहे. पाणी 250 मिली. कागदी लिंबं चार. लसणाच्या सहा पाकळ्या, ठेचून. बारीक चिरलेला लसूण करपतो. ओरेगॅनो दोन छोटे चमचे, मीठ दीड छोटा चमचा, मिरी. फोडी एकाच थरात बसल्या पाहिजेत. ट्रे काचेचा किंवा स्टीलचा घ्या, ॲल्युमिनियमचा नको. कल्हई नसलेल्या पितळेत ताक कळकतं, तसंच आंबटानं इथेही धातूची चव उतरते. दोनशे अंशांवर सव्वा तास धरा, लहान ओटीजीत पहिला अर्धा तास झाकून.

बटाटा कोणता, हा प्रश्न येणारच. कोल्ड स्टोरेजमधला बटाटा गोडसर लागतो, कारण थंडीत त्यातल्या पिठाची साखर होत जाते. ती साखर भाजताना लवकर काळी पडते. तसा बटाटा असेल तर आठवडाभर घरात, अंधाऱ्या टोपलीत राहू द्या. गोडी बरीच उतरते. ग्रीसमध्ये नाक्सोस बेटाच्या बटाट्याचं नाव आहे, त्याला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकनही आहे. आपण तळेगावचा ताजा बटाटा आणावा.

या पदार्थाचं दुसरं नाव ‘पतातेस स्तो फूर्नो’, भट्टीतले बटाटे. पूर्वी तिकडे घरोघरी ओव्हन नव्हते. रविवारी बायका मांस आणि बटाट्यांचा ट्रे भरून गल्लीतल्या बेकरीत द्यायच्या आणि जेवणाच्या वेळी घरी आणायच्या. हे वाचलं तेव्हा मला आमचे दिवाळीचे दिवस आठवले. रवा, मैदा, पिठीसाखर, तूप डब्यांत भरून आई बेकरीत न्यायची आणि नानकटाईचे डबे घेऊन संध्याकाळी परत यायचो. बेकरीच्या पायरीवर बसून वाट पाहताना येणारा तो गरम वास मला अजून आठवतो.

ओव्हन नसेल तर? जाड बुडाची, पसरट स्टीलची कढई घ्या. तेच प्रमाण, पण पाणी थोडं कमी, दीडशे मिली. झाकण ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, सुरी सहज आत जाईपर्यंत. मग झाकण काढून उरलेला लिंबाचा रस घाला आणि आच वाढवा. चरचर सुरू झाली की हलवू नका. एक बाजू लाल झाली की मगच उलटा. ओव्हनसारख्या सगळ्या कडा लाल होणार नाहीत, पण मुरलेली चव तीच येते.

उरले तर दुसऱ्या दिवशी थंडच खा, शेजारी काकडी-टोमॅटो आणि घट्ट दही. तळाशी राहिलेलं लिंबाचं तेल मात्र उरवू नका, पोळीच्या तुकड्यानं पुसून घ्या. चला, झाकण काढू या. पुरेसे कोमट झाले असतील.